मान खाली, कान वर

समजा, काही महिन्यांसाठी तुम्ही स्वयंसेवक म्हणून स्पेनच्या कॅटलोनियातल्या तारागोना शहरात गेला आहात. सप्टेंबर लागतो आणि बरोबरची पोरं म्हणतात, "संध्याकाळी सरावाला ये. काही शिकून यावं लागत नाही, हात-पाय असले की झालं." तुम्ही जाता. कोणीतरी तुम्हाला गर्दीत एका जागी रोवतं, तुमचे हात पुढच्याच्या पाठीवर टेकवतं आणि बजावतं : हनुवटी छातीला लाव, वर बघायचं नाही.

आणि वर काय चाललेलं असतं? माणसांवर माणसं, आठ थर!

दहीहंडीच की! फरक एवढाच, की इथे हंडी नाही आणि सण संत तेक्लाचा. ही शहराची पालक संत. तिच्या हाताचा पवित्र अवशेष १३२१ साली आर्मेनियाहून इथे आला, तेव्हापासूनचा हा उत्सव. मुख्य दिवस २३ सप्टेंबर. संताच्या मिरवणुकीत माणसांचे मनोरे घुसले कसे? जवळच्या वाल्स गावात मिरवणुकीत एक नाच असे आणि त्याच्या शेवटी नाचणारे एकमेकांच्या खांद्यावर चढत. अठराव्या शतकाच्या अखेरीस लोकांना नाचापेक्षा त्या शेवटाचंच वेड लागलं. नाच मागे पडला, मनोरा वाढत गेला. त्याला म्हणतात 'कास्तेल', म्हणजे किल्ला.

आता थोडा हिशेब. 'नऊ थरांचा तीनचा' कास्तेल घ्या. खालचे सहा थर तीन-तीन जणांचे, त्यावर दोन, मग एक, मग एक. म्हणजे तळातल्या प्रत्येकाच्या खांद्यावर पाच मोठी माणसं, शिवाय वरच्या चार पोरांच्या वजनाचा वाटा. हाडं मोडत कशी नाहीत?

उत्तर तुमच्या भोवतीच आहे. त्या शेकडोंच्या गर्दीचं नाव 'पिन्या', म्हणजे पाइनचं फळ, खवल्यात खवला घट्ट बसलेलं. वजन वाढलं की तळाचे तिघे बाहेर फाकू पाहतात. गर्दी त्यांना चहूबाजूंनी आत दाबून धरते. बैलगाडीच्या चाकाला लोखंडी धाव आवळतात ना, तस्संच. मधल्या पोकळीत जो उभा राहतो त्याचं नाव 'सुई', आणि तळातल्याच्या काखेत खांदा देतो तो 'कुबडी'. नावं ऐकूनच काम कळतं! नऊ थरांना तर सहसा एवढंही पुरत नाही, म्हणून त्या गर्दीच्या खांद्यांवर आणखी एक गर्दी उभी करतात. आणि मनोरा कोसळलाच, तर हीच गर्दी गादी होते. हनुवटी छातीला का, ते आता कळलं?

चढणाऱ्याच्या कमरेकडे बघा. काही मीटर लांबीचा काळा पट्टा. एक जण टोक ताणून धरतो आणि दुसरा स्वतःभोवती गिरक्या घेत तो अंगावर चढवतो. पाठीला आधार तर झालाच, पण वर जाणाऱ्याच्या अनवाणी पायाला ती पायरीही झाली. शिवाय सगळे शर्टाची कॉलर दातात धरतात. शर्ट सरकला तर वरच्याचा पाय घसरेल, म्हणून!

मला सगळ्यात थक्क करते ती पुढची गोष्ट. मनोरा ज्यांनी तोलला आहे त्यांना तो दिसतच नाही. मग कुठवर आला हे कळतं कसं? सुरांवरून. ग्राल्या नावाचं वाद्य असतं, आपल्या सनईच्या नात्यातलं. खालचे थर नीट बसले की ते वाजू लागतं. तोवर गुपचूप उतरता येतं. एकदा सूर लागला की माघारही जगजाहीर. धून बदलत जाते, तशी मान खाली घातलेल्या गर्दीला वरची बातमी कळत जाते. मग टोकावरचं सहा ते दहा वर्षांचं पोर हात उंचावतं. आपले गोविंदा याला सलामी म्हणतील.

आपल्याकडे १४ वर्षांखालच्या मुलांना थरांवर चढवायला बंदी आहे. तिथे २००६ साली एका मुलीचा पडून जीव गेला, त्यानंतर पोरांच्या डोक्यावर हेल्मेट आलं. मला ते पुरेसं वाटत नाही, पण तिथली मंडळी हे ऐकून घेत नाहीत.

सलामी झाली म्हणजे संपलं? छे! कास्तेल न कोसळता उतरला तरच पुरा. दमलेल्या मांड्या थरथरत असतात, म्हणून खरी पडझड उतरतानाच होते. उंची पुन्हा वाढायला मात्र वेळ लागला. १९८० च्या सुमारास बायका मोठ्या संख्येने आल्या, अंगाने हलक्या आणि पायाने पक्क्या. १९८१ साली एकोणिसाव्या शतकानंतर पहिल्यांदा नऊ थर पुरे झाले. दहा थर लागले १९९८ मध्ये.

तेक्लाच्या दुसऱ्या दिवशी, २४ तारखेला, तारागोनात आणखी एक अचाट प्रकार असतो. एकावर एक अशा चार जणांचा खांब उभा राहतो आणि चालू लागतो. कॅथेड्रलच्या दगडी पायऱ्या उतरून, अरुंद गल्लीतून, थेट नगरपालिकेच्या चौकापर्यंत. भोवतीच्या घोळक्यात तुम्हीही असता. हात समोरच्याच्या पाठीवर, मान खाली. वर काय चाललंय ते दिसत नाही. तुम्ही पायाच्या बोटांनी पुढची पायरी चाचपता.