पुढचं गाणं कोण ठरवतं?

अकोल्यात आकाशवाणी आहे, खाजगी एफएमही ऐकू येतं. अशा केंद्रात संगणकाची दोन कामं असतात : यादी करणं आणि ती वाजवणं. अमेरिकेतल्या आरसीएस कंपनीचं 'सिलेक्टर' यादी करतं. 'रिव्हेंडेल' हे मोफत सॉफ्टवेअर मुख्यतः वाजवण्याचं काम करतं.

खरी मेहनत सुरुवातीलाच. प्रत्येक गाण्याची नोंद हवी : गायक, काळ, लय, भाव. मग नियम : एकच आवाज लागोपाठ नको, तेच गाणं काही तास परत नको. तासाचा आराखडा आखला की सॉफ्टवेअर त्यात गाणी, जाहिराती, निवेदन बसवतं. गाण्याचे शब्द कितव्या सेकंदाला सुरू होतात तेही नोंदवावं. नाहीतर निवेदकाचं बोलणं गायकाच्या आवाजावर पडतं.

मोझरीच्या तुकडोजी महाराजांच्या भजनानंतर लगेच उडत्या चालीचं गाणं लागलं तर वऱ्हाडातल्या श्रोत्याला खटकतंच. 20 डिसेंबरला, गाडगेबाबांच्या पुण्यतिथीला, यादी माणसानंच तपासावी. यंत्राला लय कळते, दिवस कळत नाही.

वीज गेली किंवा संगणक बिघडला तरी प्रसारण थांबू नये म्हणून यूपीएस आणि तीच गाणी भरलेला दुसरा संगणक हवाच.