मिथुनेचा उल्कावर्षाव

दरवर्षी १३ आणि १४ डिसेंबरच्या रात्री मिथुन राशीतून उल्का बरसतात. आकाश निरभ्र व काळोखे असेल, तर ऐन भरात तासाला शंभराहून अधिक उल्का पडू शकतात.

बहुतेक उल्कावर्षाव धूमकेतूंनी मागे टाकलेल्या धुळीतून होतात. हा मात्र 'फेथॉन' या लघुग्रहाची देणगी आहे. १९८३ मध्ये शोध लागलेला हा खडक सुमारे दीड वर्षात सूर्याची फेरी पूर्ण करतो आणि त्या फेरीत बुधापेक्षाही सूर्याच्या जवळ जातो. त्याच्या मार्गातले कण सेकंदाला सुमारे ३५ किलोमीटर वेगाने आपल्या वातावरणात शिरतात आणि जमिनीपासून साधारण शंभर किलोमीटर उंचीवर प्रखर तापून उजळतात. बहुतेक कण वाळूच्या खड्याएवढेच असतात. एखादा मोठा तुकडा शुक्रापेक्षाही तेजस्वी दिसला, तर त्याला अग्निगोल म्हणतात.

मिथुन राशीतले पुनर्वसूचे तारे रात्री आठच्या सुमारास ईशान्येला उगवतात आणि दोन-अडीचला जवळपास डोक्यावर येतात. मध्यरात्रीनंतरचा काळ सर्वांत चांगला. दुर्बिणीची गरज नाही. गावाबाहेर सतरंजी अंथरून उताणे पडा, मोबाइल बंद ठेवा आणि डोळ्यांना अंधाराची सवय व्हायला किमान वीस मिनिटे द्या.

अग्निगोल दिसलाच, तर वेळ, दिशा, रंग आणि तो किती सेकंद टिकला, हे लगेच टिपून ठेवा. वेगवेगळ्या गावांतल्या अशा नोंदी जुळवून त्याचा मार्ग काढता येतो. म्हणून तुमची नोंद मोलाची आहे.