कोंडाण्याच्या लेण्यात चुन्याचे खांब का तयार होत नाहीत?

कर्जत : मोबाईलवर आंध्र प्रदेशातल्या बोर्रा गुहेचे व्हिडिओ बघितले की हमखास एक प्रश्न पडतो. छताला लोंबणारे दगडी झुंबर, खालून उगवल्यासारखे खांब, रंगीत लाईट. मग आपल्या तालुक्यात एवढी लेणी, एवढ्या गुहा असून तसलं काही का नाही? कोंडाण्याला पहिल्यांदा जाणारे काही जण तर तिथल्या चैत्यगृहात छताला अधांतरी लटकलेले खांब बघून हेच ते असं समजतात. तसं नाही.

बोर्राची गुहा चुनखडीत आहे. पावसाचं पाणी जमिनीत मुरताना मातीतला कार्बन डायऑक्साइड घेतं आणि किंचित आंबट होतं. हे पाणी चुनखडीला हळूहळू विरघळवतं, फटी मोठ्या करतं, हजारो-लाखो वर्षांत आत अख्खी गुहा पोखरते. पुढे तेच पाणी छतातून थेंबथेंब गळतं. थेंब लोंबत असताना त्यातला वायू उडून जातो आणि विरघळलेला चुना मागे राहतो. बोअरचं पाणी तापवून तापवून हंड्याला आतून पांढरा थर धरतो ना, जवळपास तसंच. छताला धरलेला तो अधोमुखी लवणस्तंभ, खाली थेंब पडून वर चढणारा ऊर्ध्वमुखी. दोन्ही भेटले की सलग खांब. वाढ मात्र वर्षाला साधारण केसाच्या जाडीएवढी. म्हणून तिथे हात लावू देत नाहीत. हाताचं तेल लागलं की त्या जागी चुना नीट धरत नाही, आणि मोडलेला तुकडा आपल्या नातवंडांच्या हयातीतही भरून येत नाही.

आपल्याकडचा दगड वेगळा. सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून लाव्हा बाहेर आला, थरावर थर बसले, त्यातून सह्याद्रीचा काळा कातळ झाला. हा बेसाल्ट पाण्यात चुन्यासारखा विरघळत नाही. त्यामुळे कोंडाणे असो की कोथळीगडाच्या पायथ्याची आंबिवली, ही लेणी पाण्याने केलेली नाहीत, माणसांनी छिन्नी-हातोड्याने खोदलेली आहेत. राजमाची डोंगराच्या कुशीतलं कोंडाणे सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचं. चैत्यगृहाच्या दर्शनी भागाजवळ एका मूर्तीच्या डोक्याशेजारी ब्राह्मी लिपीत कोरलंय, की हे कण्हाचा शिष्य बलकाने केलं. एवढ्या जुन्या कारागिराचं नाव दगडावर सापडणं ही साधी गोष्ट नाही, पण पाटीपलीकडे बघायला कोणी थांबत नाही.

आणि ते लटकलेले खांब? ते एकेकाळी जमिनीपर्यंत पूर्ण होते. खालचा दगड ओलाव्याने खाल्ला गेला, वरचे तुकडे छताला चिकटून राहिले. म्हणजे बोर्रात पाणी खांब बांधतं, इथे पाण्याने खांब खाल्ले.

लेण्यांत कुठे कुठे पांढरे ओघळ दिसतात. काळ्या दगडातही थोडं कॅल्शियम असतं, ते झिरपणाऱ्या पाण्याबरोबर येऊन पातळ पापुद्रा धरतं. त्याचा खांब होण्याएवढा चुना मात्र इथे नाही. विहीर खोदताना निघणारे चमकदार पांढरे स्फटिक आणखी निराळे. लाव्हा थंड होताना त्यात वायूचे बुडबुडे अडकले, त्या पोकळ्यांत ते वाढले. लोक त्यांना सरसकट गारगोटी म्हणतात. सिन्नरला त्यांचं म्युझियमच आहे.

बेसाल्ट विरघळत नाही म्हणजे पक्का, असं समजू नये. लाव्हाच्या दोन थरांमध्ये बऱ्याच ठिकाणी लाल, मऊ पट्टा असतो. वरून भेगांतून उतरलेलं पाणी तिथे अडतं, बाजूला पाझरतं, मऊ भाग झिजतो आणि वरचा कातळ आधाराविना राहतो. खालापूरच्या इर्शाळगडाचं नेढं म्हणजे अशाच झिजेने कातळाला पडलेलं आरपार भोक. त्याच डोंगराखाली 19 जुलै 2023 च्या रात्री मुसळधार पावसात दरड येऊन इर्शाळवाडी गाडली गेली. तिथे कातळावरच्या उतारावरची माती पाणी पिऊन सुटली. गुहेचा आणि दरडीचा प्रकार एक नाही, पण दोन्हीकडे काम करतं ते पाणीच.

कोंडाण्याला पावसाळ्यात गर्दी होते, कारण लेण्याच्या कपारीवरून धबधबा समोर कोसळतो. फोटोसाठी पोरं नेमकी त्या धारेखाली उभी राहतात. पाण्याबरोबर वरून दगड येतो, तो दिसत नाही आणि आवाजात ऐकूही येत नाही. जोराचा पाऊस चालू असताना किंवा नुकताच होऊन गेला असेल तर धारेखाली आणि कड्याला लागून थांबू नये. पाणी एकदम गढूळ झालं, बारीक खडे पडायला लागले, की सामान सोडून बाजूला व्हावं. ज्या गावकऱ्यांची पोरं पर्यटकांना वाट दाखवतात त्यांनी तरी हे आधी सांगायला हवं. चहा-भजीचा धंदा त्याने बुडणार नाही.

लेणी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाच्या संरक्षणात आहेत. नाव कोरलं, दगड फोडला तर कायद्यात दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही आहे.

खरे लवणस्तंभ बघायचेच असतील तर विशाखापट्टणम गाठावं. तिथून किरंदुलकडे जाणाऱ्या रेल्वेमार्गावर बोर्रा गुहालू नावाचं स्टेशनच आहे. नंद्याल जिल्ह्यातली बेलमची गुहा सव्वातीन किलोमीटर लांब आहे, त्यातली साधारण निम्मी लोकांसाठी खुली आहे. कोंडाण्याला जायचं तर कर्जत स्टेशनवरून कोंडिवड्याच्या बाजूला रिक्षाने, पुढे पायी. दिवाळीनंतर पाणी ओसरलेलं असतं, तेव्हा तो शिलालेख शांतपणे बघता येतो.