ऊसवाल्याची लेक आणंदला



शेतकी खात्याकडून तुम्हांला नेहमी बेणे, खत, पाणी आणि तोडणी हेच ऐकायला मिळते. या खेपेस विषय थोडा वेगळा आहे. पण फडाबाहेरचा नाही.

तीन वर्षांपूर्वी श्रावणात आमच्या एका गटातील जुने सभासद गटऑफिसात आले. आम्ही त्यांना तात्या म्हणतो. नोंदीचा कागद पुढे सरकवून म्हणाले, "साहेब, पोरगी बी.एस्सी. ॲग्री झाली. आता म्हणते, आणंदला जाऊन मॅनेजमेंट शिकते. दोन वर्षं आणि काही लाख रुपये. दुकानदारी शिकायला एवढे पैसे लागतात होय?"

तेव्हा आम्हांला नीट उत्तर देता आले नाही. आज देतो.

आणंद म्हणजे अमूलचे गाव. 1946 साली त्रिभुवनदास पटेलांनी खेडा जिल्ह्यातील दूध उत्पादकांचा संघ उभा केला आणि 1949 साली वर्गीस कुरियन तेथे आले. एक शेतकऱ्यांचा पुढारी, दुसरा शिकलेला इंजिनिअर. आपल्याकडे प्रवरानगरलाही हेच घडले. शेतकरी विठ्ठलराव विखे पाटील आणि अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळ एकत्र आले, म्हणून सहकारी साखर कारखाना उभा राहिला. सहकाराच्या गाड्याला ही दोन्ही चाके लागतात. शिकलेले चाक घडवायचे म्हणूनच कुरियन यांच्या पुढाकाराने 1979 साली आणंदला इन्स्टिट्यूट ऑफ रूरल मॅनेजमेंट, म्हणजे इर्मा, सुरू झाली. 2025 साली संसदेने कायदा केला आणि या संस्थेचे त्रिभुवन सहकारी विद्यापीठ झाले. नाव त्याच त्रिभुवनदासांचे.

तिथे करतात काय?

पदवीनंतरचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम, राहणे वसतिगृहातच. तात्यांची लेक दिवाळीला घरी आली तेव्हा आम्ही मुद्दाम गेलो. म्हणाली, "काका, पहिले महिने झोपच नाही. सकाळी तास, संध्याकाळी गटाचे काम आणि रात्री दुसऱ्या दिवशीची केस वाचायची." केस म्हणजे एखाद्या संस्थेची खरी अडचण कागदावर मांडलेली असते. दूध वाढले पण पैसा अडकला, तर मॅनेजरने काय करावे? उत्तर पुस्तकात नसते. वर्गात उभे राहून आपले मत मांडावे लागते आणि इतर मुले ते खोडून काढतात. गटात केरळचा, बिहारचा, दिल्लीचा अशी मुले. एक आळशी निघाला तर गुण सगळ्यांचेच जातात. "आपल्या टोळीसारखंच की," तात्या म्हणाले. आमटीतल्या गुळाची मात्र पोरीला शेवटपर्यंत सवय झाली नाही.

सगळ्यांत मोलाचे शिक्षण खेड्यातले. मुलांना काही आठवडे परमुलखातल्या गावी पाठवतात. तिथे राहून घरोघर जायचे. जमीन कुणाकडे, पाणी कुणाचे, कर्ज कुणाचे, बाईच्या हातात पैसा येतो की नाही, हे पाहायचे आणि अहवाल लिहायचा. त्यानंतर एखाद्या संस्थेत प्रत्यक्ष काम. ही तर शेतकऱ्याचीच पोर. तरी म्हणाली, "काका, गाव म्हणजे काय ते मला दुसऱ्याच्या गावात कळलं."

हिशेबाची गोष्ट

तात्यांना दुकानदारीचे उत्तर तिनेच दिले. ऊस आल्यापासून 14 दिवसांत पैसे द्यावेत असा 1966 च्या ऊस नियंत्रण आदेशाचा दंडक आहे. साखर मात्र वर्षभर थोडीथोडी विकली जाते. मधला काळ बँकेच्या मालतारण कर्जावर काढावा लागतो. ती म्हणाली, "आबा, धरा, गोदामात एक लाख क्विंटल साखर आहे आणि भाव 3,500 रुपये. म्हणजे 35 कोटींचा माल. तेवढ्या रकमेवर दहा टक्के व्याज धरलं, तर महिन्याला सुमारे 29 लाख रुपये जातात. कुणाचे जातात?" तात्या गप्प बसले. मग आमच्याकडे वळून म्हणाले, "साहेब, हे आम्हांला आधी का नाही सांगितलं?"

साखर कधी विकावी, किती ठेवावी, रस इथेनॉलकडे किती वळवावा, हे नुसत्या अंदाजावर चालत नाही. मॅनेजमेंट शिकायची ती यासाठी.

नोकरीचे काय?

दूध संघ, सहकारी महासंघ, ग्रामीण कर्ज देणाऱ्या बँका, शेतकरी उत्पादक कंपन्या, स्वयंसेवी संस्था, बी-बियाणे आणि खतांच्या कंपन्या. वाटा पुष्कळ आहेत. इर्माच्या पहिल्याच तुकडीतले आर. एस. सोढी अमूलच्या महासंघात लागले आणि 2010 ते 2023 त्याचे व्यवस्थापकीय संचालक राहिले.

पण एक सावधगिरी. वर्षाचा मोठा आकडा ऐकून हुरळू नका. त्यात फंड, बोनस सगळे मोजलेले असते. हातात महिन्याला किती पडणार ते विचारा आणि शिक्षणकर्जाचा हप्ता त्यातून वजा करा. ज्याला फक्त शहरातली वातानुकूलित खुर्ची हवी, त्याने या वाटेला न गेलेले बरे.

तात्यांच्या लेकीपुढे दोन जागा होत्या. एक शेतकरी कंपनीची, कमी पगाराची आणि दुसरी बँकेची. तिने बँक घेतली. आम्हांला थोडे वाईट वाटले, खोटे कशाला बोलू? पण ती म्हणाली, "आधी कर्ज फेडते काका, मग बघू." शेतकऱ्याच्या लेकीने कर्ज आधी फेडावे, यात चूक काय?

प्रश्न खरा आपल्याला आहे. चार वर्षांनी ती परत यायचे म्हणाली, तर सहकारात तिच्यासाठी जागा असेल का? जागा भरताना आपण शिक्षण पाहणार की पाहुणा पाहणार? कारखान्याचे मालक तुम्ही आहात. वार्षिक सभेत भावाबरोबर हेही विचारा.

ज्यांना मुले पाठवायची आहेत त्यांच्यासाठी

कोणत्याही शाखेचा पदवीधर चालतो. कॅट परीक्षेचे अर्ज साधारण ऑगस्टमध्ये, म्हणजे अडसाली लागणीच्या दिवसांत निघतात. परीक्षा नोव्हेंबरअखेर, आपला हंगाम भरात असताना. इंग्रजी आणि अंकगणिताची तयारी वर्षभर आधी हवी. फी आणि गुणांची अट त्या वर्षीच्या माहितीपत्रकात पाहावी. आणंद लांब वाटले तर पुण्यात वैकुंठ मेहता संस्थेत 1993 पासून आणि हैदराबादला मॅनेज संस्थेत 1996 पासून शेती-व्यवसाय व्यवस्थापनाचा अभ्यासक्रम आहे.

मुलगी असेल तर जरा जास्तच विचार करता, आम्ही जाणतो. तात्यांनीही केला होता. आता गटऑफिसात आले की नोंदीआधी विचारतात, "साहेब, गोदामात साखर किती? व्याज किती चाललंय?"

असे विचारणारे सभासद वाढावेत, एवढीच आमची इच्छा.

— ऊस विकास अधिकारी