सोर्सपासून लिनक्स कर्नल : एरर कुठे येते, काय करावे?

पार्श्वभूमी
- जीसीसी कंपायलर : १९८७, रिचर्ड स्टॉलमन. लिनक्स कर्नल : १९९१, लिनस टोरवाल्ड्स.
- ‘बॉस’ : सी-डॅकची भारतीय लिनक्स प्रणाली, डेबियनवर आधारित.

फरक लक्षात ठेवा
- कंपायलिंग : प्रत्येक सी फाइलची ऑब्जेक्ट फाइल होते. लिंकिंग : या फाइली एकत्र जोडल्या जातात.
- वॉर्निंग आली तरी काम सहसा पुढे सरकते. एरर आली की थांबते.
- ‘मेक क्लीन’ तयार झालेल्या बहुतेक फाइली काढते, ‘.कॉन्फिग’ ठेवते. ‘मेक मिस्टरप्रॉपर’ तीही पुसते. आधी प्रत काढून ठेवा.

नेहमीच्या एरर
- ‘नो सच फाइल’ : हेडर फाइल नाही. उदा. ‘ओपनएसएसएलव्ही.एच’ सापडत नसेल, तर डेबियनमध्ये ‘लिबएसएसएल-डेव’ हे पॅकेज टाका.
- ‘अनडिफाइन्ड रेफरन्स’ : लिंकिंगची अडचण. फंक्शनची व्याख्या किंवा लायब्ररी जोडलेली नाही.
- ‘किल्ड’ : बहुधा रॅम संपली. मेकला ‘-जे८’ऐवजी ‘-जे२’ (एका वेळी कमी समांतर कामे) द्या किंवा स्वॅप वाढवा.
- ‘नो स्पेस लेफ्ट’ : डिस्क भरली. डीबग माहितीसह बांधणी केल्यास जागा कित्येक पटींनी जास्त लागते.

लॉग वाचताना
- शेवटची ‘एरर २’ ही मेकची फक्त सूचना असते. खरे कारण वर, पहिल्या एररपाशी असते.
- समांतर बांधणीत ओळी एकमेकांत मिसळतात. ‘-जे१’ने पुन्हा चालवा.
- मदत मागताना पहिल्या एररच्या आसपासच्या ओळी, जीसीसीची आणि कर्नलची आवृत्ती जरूर द्या.