पूररेषेबाहेरचे घरही बुडते, ते का?

पावसाळ्यात कोल्हापूरकरांचे लक्ष राजाराम बंधाऱ्याच्या पातळीकडे लागलेले असते. 39 फूट म्हणजे इशारा, 43 फूट म्हणजे धोका, हे तिथे शाळकरी मुलालाही पाठ असते. 2019 च्या ऑगस्टमध्ये आणि पुन्हा 2021 च्या जुलैमध्ये पंचगंगा 55 फुटांच्या वर गेली. पूर ओसरला की भिंतीवर चिखलाची आडवी रेघ उरते. एकाच गल्लीत ती कुठे खिडकीपर्यंत पोचलेली असते, तर कुठे उंबऱ्याशीच थांबलेली. पाणी कोणत्या घरात किती चढेल आणि तसे होण्याची शक्यता किती, हेच विमा कंपनीला आधी जाणून घ्यायचे असते. तिच्याइतकेच ते घरमालकालाही कळायला हवे.

हा अंदाज नकाशावरून बांधला जातो. त्यासाठी प्रथम जमिनीची उंची लागते. फेब्रुवारी 2000 मध्ये अमेरिकेच्या अंतराळयानाने अकरा दिवसांत रडारच्या साहाय्याने पृथ्वीच्या बहुतांश भूभागाची उंची मोजली. पुढे ‘इस्रो’च्या कार्टोसॅट-1 उपग्रहाच्या छायाचित्रांवरून भारताचा उंची-नकाशा तयार झाला. या उंचीला पावसाच्या आणि नदीच्या प्रवाहाच्या अनेक वर्षांच्या नोंदी जोडल्या जातात, आणि किती पाणी आले तर ते कुठवर पसरेल याचे गणित संगणक मांडतो. प्रत्यक्ष पुरात रडार उपग्रह ढगांआडूनही खालचे पाणी टिपतात. त्यामुळे गणित कितपत बरोबर होते, हे पडताळता येते.

महाराष्ट्रात जलसंपदा विभागाच्या पूररेषा सर्वांना ऐकून माहीत असतात. साधारणपणे 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची रेषा निळी आणि 100 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची लाल. नदीपासून निळ्या रेषेपर्यंत बांधकामाला मनाई असते आणि निळ्या-लाल रेषांच्या मधल्या पट्ट्यात निर्बंध असतात.

गैरसमज होतो तो इथेच. ‘शंभर वर्षांचा पूर’ म्हणजे एकदा येऊन गेला की पुढची 99 वर्षे निर्धास्त, असे नव्हे. त्याचा अर्थ, दरवर्षी शंभरात एक एवढी शक्यता. लाल रेषेला टेकलेल्या घरावर वीस वर्षांचे गृहकर्ज असेल, तर कर्ज फिटेपर्यंत एकदा तरी तिथवर पाणी येण्याची शक्यता सुमारे 18 टक्के होते. निळ्या रेषेवरच्या घरासाठी हाच आकडा सुमारे 56 टक्के, म्हणजे निम्म्याहून जास्त. रक्तदाब वाढलेल्या प्रत्येकाला झटका येत नाही, पण म्हणून कोणी गोळी बंद करत नाही. पुराची जोखीमही तशीच समजून घ्यायची असते.

नकाशालाही मर्यादा आहेत. उपग्रहावरून केलेल्या उंची-नकाशात बहुधा 30 मीटर लांबी-रुंदीच्या चौकोनाला एकच उंची मिळते आणि तीत काही मीटरची चूक असू शकते. झाडाचा शेंडा किंवा इमारतीची गच्चीही जमीन समजली जाते. एक्स-रेमध्ये न दिसलेली बारीक चीर सीटी स्कॅनमध्ये दिसावी, तसा फरक लायडार तंत्राने पडतो. विमानातून लेझर किरण सोडून केलेल्या या मोजणीतली चूक साधारण 10 ते 15 सेंटिमीटरपर्यंत खाली येते. दुसरी मर्यादा अशी की नदीची पूररेषा तुंबलेल्या गटारांचा हिशेब धरत नाही. 26 जुलै 2005 रोजी सांताक्रूझला 24 तासांत 944 मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हा नदीपासून लांबची घरेही बुडाली. रेषेच्या बाहेर म्हणजे धोक्याच्या बाहेर, असे नसते.

शिवाय घराचे जोते किती उंच आहे, हे असा नकाशा सांगत नाही. रस्त्यावर तीन फूट पाणी आले, तर दोन फूट जोत्याच्या घरात फूटभर पाणी शिरते आणि चार फूट जोत्याचे घर कोरडे राहते. पिनकोड मात्र दोघांचा एकच. अमेरिकेच्या सरकारी पूरविमा योजनेने ऑक्टोबर 2021 पासून नुसत्या पट्ट्याऐवजी पाण्यापासूनचे अंतर आणि तळमजल्याची उंचीही धरून हप्ता ठरवायला सुरुवात केली, ती याच कारणाने. याची दुसरी बाजूही आहे. नकाशा जितका अचूक, तितका नदीकाठच्या घराचा हप्ता वाढू शकतो, आणि तिथे राहणाऱ्या अनेकांना तो परवडणारा नसतो. त्यांच्यासाठी सवलतीचा विचार सरकारलाच करावा लागेल.

पुरानंतर दवाखान्यात लेप्टोस्पायरोसिस, जुलाब, कातडीचे विकार दिसतात. त्यांवर उपचार आहेत. पण घर उभे करण्यात बचत संपली की मधुमेहाची, रक्तदाबाची औषधे मागे पडतात, आणि त्याचे परिणाम काही महिन्यांनी दिसतात. म्हणून घराचा विमा हा आरोग्याचाही प्रश्न आहे.

भारतात एप्रिल 2021 पासून ‘भारत गृह रक्षा’ ही प्रमाणित पॉलिसी आहे. तीत पुराचे नुकसान धरलेले आहे. विम्याची रक्कम ठरते ती घर पुन्हा बांधण्याच्या खर्चावरून. जागेची किंमत त्यात येत नाही. घराच्या विम्याबरोबर घरातल्या सामानालाही विमा रकमेच्या 20 टक्क्यांपर्यंत, कमाल 10 लाख रुपयांचे संरक्षण मिळते. कर्जाबरोबर बँकेने दिलेला विमा घराचा आहे की कर्जदाराच्या जिवाचा, हे मात्र कागद काढून पाहावे.

पुढच्या पावसाळ्याआधी तीन गोष्टी वहीत लिहून ठेवाव्यात : आपले घर पूररेषेच्या कोणत्या बाजूला आहे, गल्लीत आजवर सर्वांत वर पाणी कुठवर आले होते, आणि आपले जोते रस्त्यापासून किती फूट उंच आहे. पहिली गोष्ट नगरपालिकेत समजेल, दुसरी शेजारच्या आजोबांना विचारावी, तिसरीला मोजपट्टी पुरते.