मरळ आणि रबरी बेडूक

भोपाळ हे तलावांचे नगर आहे, हे भोपाळकरांस नव्याने सांगावयास नको. 'तालों में ताल भोपाल ताल, बाक़ी सब तलैया' ही म्हण येथील लहान मुलांच्याही तोंडी असते. अकराव्या शतकात परमार राजा भोज याने कोलांस नदीवर मातीचा बांध घालून बडा तालाब निर्माण केला, असे परंपरा सांगते. पूर्ण भरला असता त्याचे पाणी सुमारे ३६ चौरस किलोमीटर पसरते. त्याच्या खालच्या अंगास असलेला छोटा तालाब १७९४ साली नवाब हयात मुहम्मद खान यांच्या कारकीर्दीत त्यांचे मंत्री छोटे खान यांनी बांधविला. हे दोन्ही तलाव मिळून 'भोज पाणथळ' होते आणि २००२ साली आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत त्याचा समावेश झाला.

अशा तलावाच्या काठी संध्याकाळी उभे राहिले म्हणजे दोन प्रकारचे गळकरी दृष्टीस पडतात. एक मोकळ्या पाण्यात गळ सोडून रोहू-कटल्याची वाट पाहत बसलेला. दुसरा मात्र जेथे कमळाची पाने, शिंगाड्याच्या वेली, पाणकणीस आणि जलपर्णी यांची एवढी दाटी आहे की पाणी दिसतच नाही, नेमक्या अशा जागी गळ फेकणारा. पाहणाऱ्यास वाटते, हा मनुष्य वेडा असावा. याचा गळ पहिल्याच खेपेस वेलींत अडकून तुटेल. परंतु तो वेडा नसतो. त्याला हवी असते मरळ, आणि मरळीचे घरच मुळी त्या दाटीत असते.

मरळीची ओळख प्रथम करून घेतली पाहिजे, कारण या सगळ्या कलेचे मर्म तिच्या स्वभावात आहे. हिंदीत हिला सौल म्हणतात. डोके सापासारखे चपटे आणि खवल्यांनी मढलेले, शरीर लांबट व नळीसारखे गोल, आणि जबडा दातांनी भरलेला असे हिचे रूप असते. हिच्या अनेक जाती आहेत. अंगावर पट्टे असलेल्या एका जातीचे शास्त्रीय वर्णन ब्लॉख या शास्त्रज्ञाने १७९३ साली केले, तर सर्वांत मोठ्या भारतीय जातीचे वर्णन फ्रान्सिस हॅमिल्टन याने १८२२ साली गंगेतील माशांवरील आपल्या ग्रंथात केले. ही दुसरी जात एक मीटरहूनही अधिक लांब वाढते.

मरळीचे मोठे वैशिष्ट्य म्हणजे ती हवा घेणारी मासळी आहे. तिला कल्ले असतातच. परंतु कल्ल्यांच्या वर दोन पोकळ्या असून त्यांत पृष्ठभागावरून घेतलेली हवा साठवून तिच्यातील प्राणवायू शोषण्याची सोय असते. ज्या कुजक्या, तुंबलेल्या पाण्यात प्राणवायूच्या अभावी रोहू तडफडून मरेल, तेथे मरळ सुखाने नांदते. उन्हाळ्यात डबके आटले तर ओल्या चिखलात शिरून ती पावसाची वाट पाहते. या देणगीची किंमतही तिला मोजावी लागते. ठराविक वेळाने तिला वर यावेच लागते. वर येऊ दिले नाही तर ही पाण्यातली मासळी पाण्यातच गुदमरून मरते. म्हणूनच जाणता गळकरी आधी गळ टाकीत नाही; तो आधी कान देतो. जलपर्णीच्या जाळीतून 'गळप्' असा आवाज आला, चार बुडबुडे फुटले, एखादे कमळपान वारा नसताना हलले, की मरळ कोठे आहे याचा पत्ता त्याला लागतो.

मरळ ही दबा धरून बसणारी शिकारी आहे. लहान मासे, किडे आणि बेडूक हे तिचे भक्ष्य. पानांच्या छताखाली ती निश्चल राहते आणि वरून काही सरपटत गेले की एका झेपेत छत फोडून ते गिळते. या स्वभावामुळे आपल्या देशात मरळीसाठी जिवंत बेडूक गळाला लावण्याची रीत पूर्वापार चालत आली. गळाची विद्या आपल्याकडे जुनीच आहे. कल्याणीच्या चालुक्य घराण्यातील राजा तिसरा सोमेश्वर याने इ. स. ११२९ च्या सुमारास रचलेल्या 'मानसोल्लास' या संस्कृत ग्रंथात राजांच्या करमणुकींचे वर्णन करताना मासेमारीच्या विनोदासही स्थान दिले आहे. परंतु जुने ते सर्वच आज करण्यासारखे नसते. जिवंत प्राण्याच्या अंगात आकडा घालून त्याला तासन्‌तास फेकीत राहणे हे क्रूर आहे. शिवाय बेडूक हा शेतकऱ्याचा मित्र आहे. तंगड्यांच्या व्यापारासाठी लक्षावधी बेडूक मारले जाऊ लागले, तेव्हा १९८७ साली भारत सरकारने ती निर्यातच बंद केली. तेव्हा आजच्या गळकऱ्याने खऱ्या बेडकास त्याच्या शेतात राहू द्यावे आणि आपल्या दोरीला रबरी बेडूक बांधावा, हेच योग्य.

हा रबरी बेडूक आपल्याकडे आला तो अमेरिकेतील गळकऱ्यांच्या मार्गाने. तेथे मोठ्या तोंडाचा 'ब्लॅक बास' नावाचा मासा आहे; तोही तळ्यातील दाट वनस्पतींखाली दबा धरून बसतो. त्याच्यासाठी जे आमिष तयार झाले, ते आपल्या मरळीस तंतोतंत लागू पडले. त्याची रचना मोठी युक्तीची असते. बेडकाचे अंग मऊ रबराचे व आतून पोकळ असते, त्यामुळे ते पाण्यावर तरंगते. मागे पायांच्या जागी रबरी धाग्यांचे दोन झुपके असतात. पोटाखालून निघालेले दोन आकडे शरीराला वळसा घालून पाठीशी अगदी चिकटून बसतात. त्यांची टोके वर असतात आणि रबराच्या आड दडलेली असतात. त्यामुळे बेडूक वेलींवरून, पानांवरून, काटक्यांवरून घसरत जातो तरी आकडा कशातही रुतत नाही. मासा जबड्यात धरून दाबतो, तेव्हा मात्र पोकळ अंग चेपते, आकडे उघडे पडतात आणि तोंडात रुततात.

आता प्रत्यक्ष रीत पाहू. काठी सुमारे दोन मीटर लांबीची व ताठ असावी. दोरा विणलेला असावा आणि वीस-पंचवीस किलो वजन पेलणारा असावा. हलक्या माशासाठी वापरतात तो नायलॉनचा एकेरी दोरा ताण पडला की लांबतो. त्यामुळे हिसका दिला तरी त्याचा जोर आकड्यापर्यंत पोहोचत नाही. विणलेला दोरा लांबत नाही, आणि वेलींच्या देठांतून सुरीसारखा वाट काढतो.

बेडूक कधीही थेट माशाच्या डोक्यावर फेकू नये. जेथे हालचाल दिसली असेल त्याच्या दोन-तीन हात पलीकडे तो टाकावा आणि मग काठीचे टोक हलकेच हलवीत तो अलीकडे आणावा. दाट जाळीवर तो सरपटत आणावा. पानांच्या मधोमध वाटीएवढे मोकळे पाणी आले की तेथे थांबवावा. खरा बेडूकही उडी मारून थोडा विसावतो. पुष्कळदा मासा झेपावतो तो या विसाव्याच्याच क्षणी. नवशिक्याची पहिली चूक ही की तो घाई करतो आणि त्या मोकळ्या जागेवरून बेडूक सरकन ओढून नेतो.

बेडकाचा रंग कोणता असावा, यावर गळकऱ्यांत मोठे वाद चालतात. परंतु मासा त्याला खालून पाहतो, हे ध्यानी ठेवले की वाद बराचसा मिटतो. वरचे सुंदर नक्षीकाम माणसाच्या डोळ्यांसाठी असते; माशाला दिसते ते पोट, आणि तेही उजळ आकाशाच्या पार्श्वभूमीवर. म्हणून ढगाळ हवेत किंवा अंधुक प्रकाशात काळ्या पोटाचा बेडूक अधिक स्पष्ट दिसतो. जाळी फारच दाट असेल तर मासा जवळजवळ पाहतच नाही. शरीराच्या दोन्ही बाजूंस असलेल्या पार्श्वरेषेच्या योगे तो पाण्यातील कंप जाणतो आणि त्या दिशेने झेपावतो. तेथे रंगापेक्षा बेडकाचे वजन व त्याची सळसळ यांस महत्त्व येते.

काठावर उभे राहण्याचीही एक विद्या आहे, आणि ती आपल्या भौतिकशास्त्राच्या पुस्तकातच आहे. पाण्याचा अपवर्तनांक सुमारे १.३३ असल्यामुळे त्याचा क्रांतिक कोन सुमारे ४९ अंश येतो. याचा अर्थ असा की माशाला पाण्याबाहेरचे सारे जग डोक्यावरच्या एका वर्तुळाकार खिडकीतूनच दिसते. मासा अर्धा मीटर खोल असेल तर या खिडकीची त्रिज्या जेमतेम ५७ सेंटिमीटर भरते. काठावरील उंच वस्तू त्या खिडकीच्या कडेशी दिसतात. बुटकी वस्तू मात्र कडेला इतकी चेपली जाते की जवळजवळ दिसेनाशी होते. म्हणून अनुभवी गळकरी वाकून किंवा बसून गळ फेकतो आणि जमिनीवर पाय आपटीत नाही. शाळेत न गेलेल्या कितीतरी कोळ्यांना हा नियम अनुभवाने ठाऊक असतो. विद्यार्थ्यांस त्याचे कारणही ठाऊक असावे.

आता सर्वांत अवघड क्षण. जाळी फुटते, पाणी उसळते, बेडूक दिसेनासा होतो. छाती धडधडू लागते आणि हात आपोआप वर जातो. हीच दुसरी चूक. मरळीने बेडूक पुरता तोंडात घेतलेला नसतो. त्या क्षणी हिसका दिला तर बेडूक उडून आपल्याच अंगावर येतो. मनात 'एक, दोन' म्हणावे, दोरा ताणल्याची जाणीव हाताला होऊ द्यावी, आणि मग सर्व बळानिशी हिसका द्यावा. यानंतर मात्र क्षणाचीही उसंत नाही. मरळ खाली वळून देठांना वेढे घालू पाहते. काठी उंच धरून तिचे डोके वर ठेवावे आणि तिला जाळीच्या वरूनच ओढीत आणावे. जो झेपेच्या वेळी थांबतो आणि नंतर थांबत नाही, त्यालाच मरळ मिळते.

येथे एक इशारा दिला पाहिजे. आमिष अडकले म्हणून किंवा मासा वेलींत गुंतला म्हणून कोणीही पाण्यात उतरू नये. उत्तम पोहणाऱ्याचेही पाय त्या देठांत अडकतात आणि खाली चिखल असतो. दहा बेडूक तुटले तरी चालतील. एकटे जाऊ नये. वडील माणूस बरोबर असावा.

दुसरा इशारा यापेक्षा नाजूक आहे. पावसाळ्यात मरळीची वीण होते. नर-मादी मिळून वनस्पती बाजूस सारून एक गोल जागा मोकळी करतात. अंडी पाण्यावर तरंगतात आणि आईबाप त्यांची राखण करतात. पिल्ले निघाल्यावर ती थव्याने फिरतात. काही जातींची पिल्ले तांबूस-नारिंगी असतात, आणि हवेसाठी सारा थवा एकदम वर आला की पाण्यावर पावसाचे थेंब पडल्यासारखे दिसते. त्या थव्याखाली आई किंवा बाप असतोच. थव्यावरून बेडूक ओढला तर तो हमखास धावून येतो. भुकेने नव्हे, तर पिल्लांच्या रक्षणासाठी.

प्रस्तुत लेखकाने शाळकरी वयात, आषाढातील एका सकाळी, गावतळ्यावर नेमके हेच केले होते. मासा मोठा होता आणि घरी कौतुकही झाले. दुसऱ्या दिवशी त्याच जागी पुन्हा गेलो, तेव्हा तो थवा मोडला होता. थोडी पिल्ले सैरावैरा फिरत होती आणि दुसरे मासे खालून येऊन त्यांना टिपीत होते. तिसऱ्या दिवशी पाणी रिकामे होते. एका गळाने एक मासा नव्हे, एक सबंध पिढी काढली, हे त्या दिवशी समजले. मध्य प्रदेशात १६ जून ते १५ ऑगस्ट या काळात मासेमारीस बंदी असते. त्या नियमाचा अर्थ मला कागदावरून नव्हे, त्या रिकाम्या पाण्यावरून कळला.

हीच मासळी परक्या पाण्यात गेली की गोष्ट उलटी होते. चीनकडील एक मरळ अमेरिकेत कोणी तळ्यात सोडली. २००२ साली मेरिलंड राज्यातील क्रॉफ्टन येथे ती सापडली, तेव्हा ते तळे औषध घालून निर्मत्स्य करावे लागले. तरी २००४ साली ती पोटोमॅक नदीत आढळली. आज तेथे तिला पकडून मारणे हे कर्तव्य मानतात, आणि बाससाठी घडविलेला बेडूकच त्या कामी वापरतात. आपल्या तलावात मात्र मरळ पाहुणी नाही, ती घरची आहे. पाहुणी आहे ती जलपर्णी. दक्षिण अमेरिकेतून ती एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आपल्या देशात आली आणि पाण्याचा प्रकाश अडवीत पसरली.

म्हणून गळ घेऊन निघणाऱ्याने काही नियम स्वतःस घालून घ्यावेत. ज्या पाण्यात गळ टाकावयाचा त्याची परवानगी आधी घ्यावी. वनविहारासारख्या राखीव भागात गळ नेऊ नये. आकड्याचे उलटे टोक पक्कडीने दाबून टाकावे, म्हणजे नको असलेला मासा ओल्या हाताने सोडविता येतो. तुटलेला दोरा काठावर टाकू नये. तो कुजत नाही, आणि बड्या तालाबाच्या परिसरात येणाऱ्या सारसांच्या व बगळ्यांच्या पायांस तो फास होतो. शिशाचे वजन पाण्यात टाकू नये. भोपाळच्या कितीतरी घरांत याच तलावाचे पाणी पिण्यासाठी येते.

मासा मिळो वा न मिळो, दोन तास पानांच्या जाळीकडे एकाग्र चित्ताने पाहत बसल्यावर मनुष्यास तलाव वाचता येऊ लागतो. कोठे श्वास घेतला गेला, कोठे पिल्ले खेळत आहेत, कोठे हात आवरावयाचा, हे त्याला कळते. जो हात आवरावयास शिकला, त्याच्या हाती गळ शोभतो.